वर्षावास ते वनशिबिर : मुक्कामाचा इतिहास आणि आपली मुले

काही वर्षांपूर्वी आमच्या निवासी शाळेने आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांचे पहिले वनशिबिर मेळघाटात नेण्याचे ठरविले. पालकसभेत तो विषय निघताच मागच्या रांगेतून एक पालक उभे राहिले. दरवर्षी दसऱ्यानंतर ते सहकुटुंब ऊसतोडीला जात आणि उन्हाळा लागेपर्यंत उसाच्या फडालगत कोपीत राहत. ते म्हणाले, “सर, आमी सारा जलम उघड्यावर काढला. पोराले पक्क्या छताखाली झोपता यावं म्हून तुमच्यापाशी ठेवलं. अन् तुमी त्याले पुन्हा जंगलात झोपवाले नेता?”

सभेत शांतता पसरली. आम्ही निसर्गप्रेम, स्वावलंबन, संघभावना असे काही शब्द उच्चारले. पण ते त्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, हे आम्हांलाही त्याच क्षणी कळले होते. ज्यांच्या पूर्वजांना गावकुसाबाहेर राहावे लागले, ज्यांचे आईवडील आजही पोटासाठी पालात, कोपीत, वीटभट्टीच्या कडेला रात्री काढतात, त्यांच्या मुलांना हौसेने तंबूत झोपविण्यात काय हशील आहे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांला इतिहासाची बरीच पाने उलटावी लागली. त्या शोधातून जे हाती आले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे ठेवीत आहोत.

१. भिक्खूंचा मुक्काम

आपल्या विहारांतून दरवर्षी आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत ग्रंथवाचन होते. वर्षावास हा शब्द त्यामुळे आपल्या घराघरांत परिचित आहे. परंतु त्याचा उगम बहुतेकांच्या ध्यानात नसतो. विनयपिटकातील महावग्गात तो सांगितला आहे. आरंभी भिक्खू बाराही महिने चारिका करीत. पावसाळ्यातही ते हिंडतात, हिरवे गवत तुडवितात, असंख्य लहान जिवांचा त्यांच्या पायांखाली नाश होतो, अशी तक्रार लोकांनी केली. इतर पंथांचे साधू या काळात एका ठिकाणी राहतात, पक्षीदेखील झाडाच्या शेंड्यावर घरटे करून स्थिर होतात, मग हेच का फिरतात, असे लोक म्हणू लागले. ही तक्रार बुद्धांनी योग्य मानली आणि पावसाळ्याचे तीन महिने एका जागी वास करण्याचा नियम घालून दिला.

येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, हा नियम सामान्य लोकांच्या टीकेतून जन्माला आला. दुसरी ही की, तो पाळणाऱ्याच्या सोयीपेक्षा गवताच्या आणि किड्यामुंग्यांच्या रक्षणासाठी होता.

भिक्खू राहत कोठे? चुल्लवग्गात याची यादीच आहे. अरण्य, वृक्षतळ, डोंगर, दरी, गिरिगुहा, स्मशान, उघडे मैदान, गवताची गंजी. पुढे राजगृहाच्या एका श्रेष्ठीने बुद्धांची अनुमती घेऊन एका दिवसात साठ निवास बांधून दिले, असे त्याच ग्रंथात म्हटले आहे. अशा निवासांना पालीत ‘लेण’ म्हणतात. आपल्या मराठीतील ‘लेणे’ आणि ‘लेणी’ हे शब्द याच कुळातले. जागेची कसोटीही ठरलेली होती. ती वस्तीपासून फार दूर नसावी, फार जवळही नसावी. जाण्यायेण्यास सुलभ असावी. दिवसा तेथे गर्दी नसावी आणि रात्री गोंगाट नसावा.

मुक्कामाचे नियम तर आजच्या कोणत्याही शिबिराने जसेच्या तसे घ्यावेत असे आहेत. उघड्यावर मांडलेली खाट वा अंथरूण निघण्यापूर्वी उचलून ठेवावे. झाडेझुडपे तोडू नयेत. पाणी गाळून घ्यावे; म्हणूनच भिक्खूच्या आठ परिष्कारांत पाणी गाळण्याचे फडके आहे. शेकोटीविषयीही एक मजेदार कथा आहे. थंडीच्या दिवसांत काही भिक्खूंनी एक पोकळ ओंडका पेटविला. आतील नाग आचेने होरपळून बाहेर पडला आणि त्याने भिक्खूंची पळता भुई थोडी केली. त्यानंतर आजारी नसताना केवळ ऊब मिळावी म्हणून आग पेटविण्यास मनाई झाली. ही कथा सांगितल्यावर शिबिरात शेकोटीचा हट्ट कोणी धरीत नाही.

२. वत्सगुल्म आणि अजिंठ्याची दरी

डोंगरदरीतील अशा मुक्कामाचे महाराष्ट्रातील सर्वांत थोर उदाहरण म्हणजे अजिंठा. वाघोरा नदीने कोरलेल्या घोड्याच्या नालेच्या आकाराच्या दरीत तीस लेणी आहेत. नववे, दहावे, बारावे ही लेणी इसवी सनापूर्वीची, सातवाहनकाळातील होत. बाराव्या लेण्यात बारा कोठड्या असून प्रत्येकीत दोन दगडी शय्या आहेत. आमचे विद्यार्थी तेथे गेले की गणित मांडतात : बारा गुणिले दोन, म्हणजे चोवीस भिक्खू. त्या शय्येवर क्षणभर दृष्टी ठेवली तरी कळते की हा ऐषआरामाचा मुक्काम नव्हता.

दुसरा कालखंड इसवी सनाच्या पाचव्या शतकाचा आहे, आणि तो आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाशी थेट जोडलेला आहे. वाकाटक घराण्याच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशिम. या शाखेतील विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट वाशिम येथेच सापडला. याच शाखेचा राजा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून भिक्खुसंघाला दान दिले. त्या लेण्यातील शिलालेखात वत्सगुल्म शाखेच्या राजांची परंपरा दिली आहे. पाणभरल्या मेघांनी वेढलेल्या श्रेष्ठ पर्वतावर तपस्व्यांसाठी हा निवास केला, असा त्याचा आशय असून लेण्याच्या गवाक्षांबरोबर तेथील मोठ्या जलाशयाचाही उल्लेख त्यात आहे.

आमच्या मुलांना आम्ही हे आवर्जून सांगतो. ‘मागास जिल्हा’ हे विशेषण ऐकतच ती मोठी होतात. ज्या गावी त्यांची एस.टी. थांबते, त्या गावच्या राजसत्तेच्या मंत्र्याने जगाने मान्य केलेल्या वारशातील एक लेणे घडविले, हे ऐकताना त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. १९८३ मध्ये अजिंठ्याचा समावेश जागतिक वारशात झाला. पण वर्गात आम्ही एक प्रश्न न चुकता विचारतो. राजाचे नाव कळले, मंत्र्याचे कळले. छिन्नी-हातोडा चालविणाऱ्यांचे काय? आणि दुसरा प्रश्न : २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यात आपले नाव कोरले, त्यालाच आपण ‘शोध’ म्हणतो. मग त्या दरीच्या आसपास पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांना ती लेणी ठाऊक नव्हती काय? ज्यांच्या हाती लेखणी नव्हती, त्यांचे ज्ञान इतिहासाने मोजले नाही, एवढाच याचा अर्थ.

३. ज्यांना मुक्काम नाकारला गेला

मुक्कामाचा दुसरा इतिहास कडू आहे, आणि तो वगळून शिबिर काढणे ही आत्मवंचना ठरेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात आपल्या बालपणातील १९०१ सालचा एक प्रवास सांगितला आहे. वडील नोकरीनिमित्त परगावी होते. त्यांना भेटण्यासाठी मुले साताऱ्याहून रेल्वेने निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. मुले कोणत्या जातीची, हे कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि बैल स्वतः हाकण्याच्या अटीवर गाडी मिळाली. गाडीवान शेजारून पायी चालला. रात्री टोलनाक्याजवळ मुक्काम पडला. शिदोरी भरपूर होती. पाणी मात्र कोणी दिले नाही. पाण्यावाचून अन्न घशाखाली उतरेना, आणि त्या मुलांनी ती रात्र उपाशीपोटी काढली.

पुढे १९३४ मध्ये बाबासाहेब चळवळीतील सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यास निघाले असताना वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबले. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी तेथील टाक्यातील पाण्याने हातपाय धुतले. पाणी बाटविले म्हणून जमाव त्यांच्या अंगावर धावून आला. परदेशातील विद्यापीठांच्या पदव्या आणि चवदार तळ्याचा सत्याग्रह यांनंतरची ही घटना आहे.

म्हणजे आपल्या समाजाला प्रवास, सहल, मुक्काम यांची नावड कधीच नव्हती. लेणी पाहण्याची ओढ होती, मुले आनंदाने गाडीत बसत होती. वाटेत आडवी येत होती ती जात. मग आज, कायद्याने आणि संघर्षाने ती वाट मोकळी झाली असताना, आपणच आपल्या मुलांसाठी ती बंद करावी काय? त्या ऊसतोड पालकांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आम्हांला येथे मिळाले. उघड्यावर झोपणे ही लाचारी असते, कारण तेथे निवड नसते, पाणी नसते, सुरक्षितता नसते आणि परतण्याचा दिवस आपल्या हाती नसतो. या चारही गोष्टी हाती असतील, तर तेच उघडे आकाश शाळा होते. म्हणून आमच्या शिबिराचा पहिला नियम ठरला : तंबू नंतर, पाणी आधी. मुक्कामी पोहोचताच पाण्याची सोय पाहायची, ते गाळून भरायचे, आणि प्रत्येक मुलाने पाणी प्यायल्यावरच सामान उतरवायचे.

४. सिपन्याच्या काठी

वाशिमहून कारंजा, अमरावती, परतवाडा असा प्रवास करून घाट चढला की घटांगमार्गे सेमाडोह येते. सातपुड्याच्या रांगांतील ही दरी सिपना नदीची. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग, आणि नाव सार्थ करणारे सागाचे जंगल दोन्ही अंगांना पसरलेले आहे. त्यात ऐन, धावडा, मोह, तेंदू, बांबू यांची भर. खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार या मेळघाटातील पाच नद्या अखेर तापीला मिळतात. देशात पहिल्या टप्प्यात जे नऊ व्याघ्रप्रकल्प घोषित झाले, त्यांतील मेळघाट एक. सेमाडोह येथे वनखात्याचे निवाससंकुल व निसर्ग निर्वचन केंद्र आहे. परवानगी मिळेल त्याप्रमाणे आम्ही कधी सामायिक निवासात, कधी आवारातील तंबूंत उतरतो.

हा मुक्काम हंगामी आहे. पावसाळ्यात व्याघ्रप्रकल्पाच्या गाभाक्षेत्रातील पर्यटन बंद असते. रस्ते चिखलाने भरतात हे एक कारण. पण त्या काळात गवत उगवते, अंकुर फुटतात, असंख्य जीव जन्म घेतात, त्यांना माणसाचा उपद्रव नको हेही आहेच. हे प्रथम समजावून देताना एक विद्यार्थिनी पटकन म्हणाली, “सर, म्हणजे हा जंगलाचाच वर्षावास झाला.” आम्ही इतकी वर्षे महावग्ग वाचला, पण हे साम्य आमच्या ध्यानात आले नव्हते. अडीच हजार वर्षांपूर्वी लोकांनी भिक्खूंना जे सांगितले, तेच आज वनखात्याच्या फाटकावरील सूचना सांगते.

डिसेंबरची थंडी, आठ वाजताच दाटलेला अंधार आणि वसतिगृहातील गोंगाटाची सवय असलेली चाळीस मुले. पहिल्या रात्री आम्ही त्यांना दहा मिनिटे केवळ ऐकण्यास सांगितले. प्रथम खुसखुस झाली, मग हळूहळू नदीचा आवाज वर आला. रातव्याची टकटक, दूर चितळाची धोक्याची हाक, वाळल्या सागाच्या पानावरून काहीतरी सरपटल्याची चाहूल. एका मुलाने नंतर वहीत लिहिले की शांतता रिकामी असते असे त्याला वाटत होते, ती तर भरलेली निघाली.

रानपिंगळ्याची गोष्टही येथेच सांगावी. हे लहान घुबड १८८४ नंतर अभ्यासकांच्या नजरेस पडले नाही. ते नामशेष झाले असेच मानले गेले. १९९७ मध्ये, ११३ वर्षांनी, ते महाराष्ट्रात नंदुरबार जिल्ह्यात पुन्हा दिसले, आणि पुढे मेळघाट हे त्याचे महत्त्वाचे आश्रयस्थान असल्याचे आढळले. नोंद नाही म्हणून अस्तित्वच नाही असे मानू नये, हा इतिहासाच्या विद्यार्थ्याने घ्यावयाचा धडा या पक्ष्याने दिला आहे.

मात्र या शांततेचे कौतुक करताना एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य नव्हे. हा प्रदेश कोरकू बांधवांचा आहे. व्याघ्रप्रकल्पासाठी बोरी, कोहा, कुंड यांसारखी गावे येथून बाहेर वसविण्यात आली. आपण दोन रात्री ज्या नीरवतेसाठी येतो, तिच्यासाठी कोणाला तरी आपले अंगण सोडावे लागले आहे. वाघ वाचला पाहिजे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण विस्थापिताच्या घराचा हिशेब मांडल्याविना वनाचा धडा पूर्ण होत नाही. म्हणून शिबिरातील एक सकाळ आम्ही कोरकू वाटाड्यासोबत घालवितो. झाडांची नावे मुले प्रथम त्यांच्याकडून कोरकूत ऐकतात आणि नंतर मराठीत लिहितात.

५. खराटा कोणाच्या हाती?

आता जे सांगावयाचे आहे, ते आमच्या स्वतःच्या चुकीविषयी आहे. पहिल्याच शिबिरात संध्याकाळच्या वंदनेला पाच मुले उशिरा आली. शिस्त लागावी म्हणून आम्ही त्यांना दुसऱ्या दिवशीची स्वच्छतागृहांची सफाई दिली. मुलांनी ती निमूटपणे केली. आम्हांलाही त्यात काही गैर वाटले नाही. शाळेतही आम्ही तेच करीत आलो होतो.

वर्षावासाच्या शेवटी भिक्खूंमध्ये पवारणा होते. माझ्या वागण्यात तुम्हांला काही दोष दिसला असेल, ऐकू आला असेल किंवा तशी शंका आली असेल, तर करुणेने मला सांगा, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करतो. यात ज्येष्ठही सुटत नाही. किंबहुना आरंभ ज्येष्ठांपासूनच होतो. शिबिराच्या अखेरच्या सायंकाळी आम्ही हाच प्रयोग केला आणि शिक्षकांपासून सुरुवात केली. आम्ही उभे राहून मुलांना म्हणालो, आमचे काय चुकले ते सांगा.

बराच वेळ कोणी बोलेना. मग त्या पाचांपैकी एक मुलगा उठला. मान खाली घालूनच त्याने विचारले, “सर, संडास धुनं ही शिक्षा हाय का? माही माय रोज तेच काम करते. तिनं काय चूक केली?”

आमच्यापैकी एकालाही उत्तर देता आले नाही. तीस वर्षे जातिव्यवस्थेचा इतिहास शिकविणाऱ्या आमच्या तोंडून, नव्हे हातून, तीच व्यवस्था बोलत होती. घाण काढणे हे हीन काम, आणि ते चुकलेल्याच्या वाट्याला यावे, हा विचार आम्ही मुलांना पुस्तकातून खोडायला सांगत होतो आणि नियमातून गिरवीत होतो. आम्ही त्या मुलाची आणि त्याच्या चारही सोबत्यांची सर्वांसमक्ष क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी पहाटे मुले उठण्यापूर्वी शिक्षकांनी खराटे हाती घेतले.

त्या सकाळी निघण्यापूर्वी आम्ही मुलांना महावग्गातील आजारी भिक्खूची कथा सांगितली. पोटाच्या विकाराने एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडला होता. कोणी त्याची शुश्रूषा करीत नव्हते. बुद्धांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. बुद्धांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजविले. मग संघाला एकत्र करून त्यांनी सांगितले की ज्याला माझी सेवा करावयाची आहे, त्याने आजाऱ्याची सेवा करावी. ही कथा आम्ही अनेकदा शिकविली होती. तिचा अर्थ त्या दिवशी आम्हांला शिकविला गेला.

तेव्हापासून शिबिरात आणि शाळेतही सफाई ही कधीच शिक्षा नसते. पाळीपत्रक मुख्याध्यापकांच्या नावापासून सुरू होते. मुलगा-मुलगी, सातवी-दहावी असा भेद त्यात नाही. वनात चुकलेला हा धडा वनातच दुरुस्त झाला आणि तेथून तो शाळेत आला.

६. पालकांशी हितगुज

शिबिर आटोपून बस शाळेच्या फाटकाशी आली, तेव्हा ते ऊसतोड पालक मुलाला भेटण्यासाठी उभे होते. फडावरून दोन दिवसांची सुट्टी काढून ते आले होते. मुलाकडे पाहून त्यांनी आम्हांला एवढेच विचारले, “पानी भेटलं ना पोरायले?” मुलानेच उत्तर दिले, “आबा, पानी पयले भेटलं. मंग तंबू.” मग तो त्यांना रानपिंगळ्याविषयी सांगू लागला, आणि ते सामानाची पिशवी खांद्यावर घेऊन ऐकत चालू लागले. त्यांनी शिबिराचे कौतुक केले नाही, आणि आम्हीही ते विचारले नाही. पुढच्या वर्षीच्या संमतिपत्रावर मात्र त्यांची सही सर्वांत आधी आली.

पालकहो, आपल्या मुलांना पक्के छत मिळालेच पाहिजे. त्यासाठीच ही शाळा आहे. पण छत मिळाल्यावर आकाश परके होऊ नये, एवढीच आमची विनंती आहे. ज्या दऱ्याखोऱ्यांत आपल्या धम्माची लेणी कोरली गेली, जेथे मुक्काम करण्याचे नियम आपल्या पूर्वसूरींनी ठरविले, तेथे आपली मुले पाहुण्यासारखी संकोचाने नव्हे, तर वारसदाराच्या जबाबदारीने गेली पाहिजेत. माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज निरनिराळ्या सेवांत आहेत, त्यांनी वर्षातील दोन दिवस या शिबिरासाठी द्यावेत. कोणी आकाशातील तारे ओळखावयास शिकवावे, कोणी प्रथमोपचार, आणि कोणी नुसती भाजी चिरावी. तेही शिक्षणच आहे.

घरी मुलांशी बोलण्यासाठी काही प्रश्न :

१) वर्षावासाचा नियम कोणाच्या तक्रारीवरून झाला? आपण लहानांची तक्रार कशी ऐकतो?
२) वत्सगुल्म आणि अजिंठ्याचे सोळावे लेणे यांचा संबंध काय?
३) आपल्या घरात सफाईचे काम कोणाच्या वाट्याला येते, आणि का?
४) आपल्या आजी-आजोबांनी उघड्यावर काढलेली एखादी रात्र त्यांच्याकडून ऐकून वहीत लिहून ठेवा. तोही इतिहास आहे, आणि तो लिहिणारे आता तुम्ही आहात.

जय भीम.